मीठ, बुरबुर आणि एकुलती एक लाइन

हे प्रकरण मी नव्या शिफ्ट इंजिनिअरांना शिकवताना घेतो. जागेचं आणि माणसांचं नाव कुठेच नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोणी कधी काय ठरवलं, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. त्या रात्री भार प्रेषण केंद्राच्या खुर्चीत मी बसलो होतो आणि यातल्या निदान दोन चुका माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

तळकोकणातलं एक 220 केव्हीचं उपकेंद्र. तीन तालुक्यांचा पुरवठा त्याच्या 33 केव्ही फीडरांवर, म्हणजे तिथून गावांकडे निघणाऱ्या वाहिन्यांवर. मे महिन्यात संध्याकाळचा भार 46 मेगावॅटपर्यंत जायचा, मध्यरात्रीनंतर निम्म्यावर यायचा. आकडा राज्याच्या मानाने किरकोळ. पण मे महिन्यात त्या किरकोळ आकड्यात आमरस डबाबंद करणारे कारखाने असतात, मुंबईकर चाकरमान्यांनी भरलेली घरं असतात आणि 1 जूनला मासेमारी बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी रात्रंदिवस चालणारे बर्फाचे कारखाने असतात.

उपकेंद्राला वीज दोन बाजूंनी यायची. एक लाइन घाट उतरून देशावरून, दुसरी उत्तरेकडून, खाड्या ओलांडत किनाऱ्याच्या अंगाने. बोलताना आम्ही त्यांना घाटाची आणि किनाऱ्याची असंच म्हणायचो.

आता माझ्या खुर्चीबद्दल थोडं, कारण बाहेरच्या माणसाला ती नीट कळत नाही. टॉवर आणि तारा पारेषण कंपनीच्या. ग्राहक आणि बिलं वितरण कंपनीची. वीज बनवणारे वेगळे. भार प्रेषण केंद्राच्या मालकीचा एक खांबसुद्धा नसतो. विद्युत कायदा 2003 च्या कलम 31 प्रमाणे त्याला विजेचा व्यापार करायला बंदी आहे. कलम 32 त्याला राज्यातल्या जाळ्याचं एकत्रित चालन बघणारी सर्वोच्च यंत्रणा ठरवतं. कलम 33 सांगतं की त्याचे आदेश सगळ्यांनी पाळायचे. वाद असेल तर वीज नियामक आयोगाकडे जा, पण निकाल येईपर्यंत आदेश पाळा. न पाळल्यास पाच लाखांपर्यंत दंड. एवढा अधिकार आणि हातात काय, तर फोन आणि कोड. मोठी लाइन उघडायची (म्हणजे तिची वीज तोडायची) किंवा चार्ज करायची (म्हणजे तिच्यात वीज सोडायची) तर आमच्याकडून कोड नंबर घ्यावा लागतो. तो दिला नाही की ब्रेकर हलत नाही.

प्रशिक्षणात कोणीतरी हमखास विचारतं, गॅसच्या पाइपलाइनीलाही असाच कोणी ऑपरेटर असतो का? असतो, पण त्याचं आयुष्य वेगळं. दाभोळहून पनवेलकडे किंवा बंगळुरूकडे जाणाऱ्या पाइपात गॅस दाबाखाली भरलेला असतो, आणि तो साठा म्हणजेच त्याचा श्वास. कॉम्प्रेसर बंद पडला तरी विचार करायला त्याच्याकडे तास असतात. आपल्याकडे मागणी आणि निर्मिती क्षणाक्षणाला जुळवावी लागते, फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवावी लागते. दुसरा फरक मालकीचा. आपल्या देशात मोठी पाइपलाइन चालवणारी कंपनी गॅस विकतेही. विजेत 2003 नंतर चालवणारा आणि विकणारा वेगळे केले गेले. मला तो फरक वेळेच्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अडचण कुठून सुरू झाली

घाटाच्या लाइनीवर तीन टॉवरांवरच्या टेन्शन माळा, म्हणजे ताणलेली तार टॉवरला न टेकवता धरणाऱ्या इन्सुलेटर चकत्यांच्या माळा, बदलायच्या होत्या. चिनीमातीच्या चकत्या जुन्या झालेल्या, काहींना तडे. काम जानेवारीत व्हायला हवं होतं. वनखात्याची परवानगी उशिरा आली, मग माल आला नाही, मग फेब्रुवारी-मार्चात राज्याचा भार चढलेला म्हणून आउटेज, म्हणजे लाइन ठरवून बंद ठेवणं, पुढे ढकललं. शेवटी मे उजाडला. पाऊस लागला की त्या घाटात टॉवरवर गँग चढत नाही, म्हणून पारेषणवाल्यांनी तीन दिवसांचं सलग शटडाउन मागितलं. रोज संध्याकाळी लाइन परत देणं शक्य नव्हतं, कारण माळ सोडवली की कंडक्टर ओढयंत्रावर तोललेला असतो.

आउटेजच्या बैठकीत आम्ही नेहमीचा अभ्यास केला. एक लाइन बंद, उरलेल्या लाइनीवर 46 मेगावॅट, तिची क्षमता याच्या चौपट. व्होल्टेज मर्यादेत. उरलेली लाइन गेली तर उपकेंद्र अंधारात जाईल, ही नोंद केली. पण ट्रिप होण्याची, म्हणजे दोष येऊन आपोआप तुटण्याची, शक्यता कमी आणि गेलीच तर चार तासांत घाटाची लाइन परत मिळेल असं फॉर्मवर लिहिलेलं. बैठकीत या विषयाला पाच मिनिटंही लागली नसतील.

त्या पाच मिनिटांत एक प्रश्न कोणी विचारला नाही: उरलेली लाइन सध्या कोणत्या अवस्थेत आहे?

कोकणात ऑक्टोबरात पाऊस संपतो. तेव्हापासून मेपर्यंत दुपारचा खारा वारा माळांवर मिठाचा थर चढवत राहतो. मीठ कोरडं असेपर्यंत काही बिघडत नाही. जोराचा पाऊस ते धुऊन टाकतो. वाईट असते ती मधली अवस्था, मोसमी पावसाआधीची बुरबुर. थर ओला होतो पण वाहून जात नाही. चकतीच्या पृष्ठभागावरून प्रवाह गळायला लागतो, जिथे जास्त तापतं तिथे थर सुकून कोरडा पट्टा तयार होतो, त्या पट्ट्यावरून ठिणगी उडते. अशा ठिणग्या जुळत गेल्या की संपूर्ण माळेवरून आर्क होतो आणि लाइन ट्रिप होते. म्हणून किनाऱ्यावरच्या माळांना गळतीची वाट लांब द्यावी लागते. अतिप्रदूषित भागासाठी दर केव्हीला 31 मिलिमीटर, म्हणजे 245 केव्हीच्या कमाल व्होल्टेजला 7595 मिलिमीटर. ही लाइन जुन्या हिशोबाची होती, दर केव्हीला 25 ची. आणि त्या वर्षी ती धुतलीही नव्हती. धुण्याचं काम यादीत होतं, घाटाच्या कामानंतर.

एन-वजा-एक हा आपला लाडका निकष. एक घटक गेला तरी बाकीचं जाळं उभं राहिलं पाहिजे. आउटेज दिलं तेव्हाच आपण ते एक खर्च करून बसलो होतो. आणि ज्या कारणामुळे आउटेज मेमध्ये आलं, त्या सरत्या कोरड्या मोसमानेच दुसरी लाइन वर्षातल्या सगळ्यात नाजूक अवस्थेला आणून ठेवली होती. आमच्या अभ्यासात या दोन गोष्टी एकमेकींना ओळखतच नव्हत्या.

त्यापूर्वी आठवड्याभरात किनाऱ्याची लाइन एकदा पहाटे ट्रिप होऊन एका सेकंदात आपोआप परत लागली होती. लॉगमध्ये नोंद: ऑटो-रिक्लोज यशस्वी, तात्पुरता दोष. तीच खरी पहिली हाक होती.

त्या रात्रीचा क्रम

पहिल्या दिवशी सकाळी 7:10 ला मी घाटाची लाइन उघडायचा कोड दिला. दिवस आणि संध्याकाळ निर्विघ्न गेली. त्याच रात्री मला डबल शिफ्ट लागली.

1:50 ला उपकेंद्रातल्या यंत्रचालकाचा फोन. वयस्क माणूस, गावचाच. म्हणाला, "साहेब, माळांवर निळो उजेड दिसता. चरचर आवाज येता. बाहेर बुरबुर पडता हा."

मी विचारलं, व्होल्टेज किती? 238. रात्री भार उतरला की लांब, हलक्या लाइनींवर व्होल्टेज चढतं. मर्यादा 198 ते 245, म्हणजे कागदावर ठीक. मी म्हटलं, लक्ष ठेवा, आणि फोन ठेवला. पहिली चूक ही. तीन वाक्यांत त्या माणसाने मला सगळं सांगितलं होतं. 238 चं 225 करायचं तर जवळच्या वीज केंद्राला रिअॅक्टिव्ह पॉवर (जी शोषली की व्होल्टेज उतरतं) शोषायला सांगता आली असती, आदेश माझ्या हातातला होता. माळांवरचा ताण तेवढाच कमी झाला असता. ट्रिप टळली असती असं छातीठोक सांगता येणार नाही. पण मी प्रयत्नही केला नाही.

2:34 ला आर फेजवर, म्हणजे तीन तारांपैकी एकीवर, ट्रिप, ऑटो-रिक्लोज यशस्वी. 2:52 ला पुन्हा, आणि या वेळी लाइन उभी राहिली नाही. उपकेंद्र अंधारात. 24 मेगावॅट गेले.

पर्याय

पहिला, किनाऱ्याची लाइन लगेच टेस्ट चार्ज करून बघायची. सगळे फोन हेच सांगत होते. लाइनीवर दोष दिसत नव्हता, मग लावून बघायला काय जातं?

दुसरा, घाटाची लाइन परत मागायची. मी 3:15 ला तिथल्या इंजिनिअरला उठवलं. फॉर्मवर चार तास लिहिले होते, तो म्हणाला, "साहेब, ते चार तास दिवसाचे. उजाडल्याशिवाय मी कुणाला वर चढवणार नाही." बरोबरच होतं. मी फक्त चौकशी केली, परत मागितली नाही. हा फरक पुढे महागात पडला.

तिसरा, शेजारच्या उपकेंद्रातून 33 केव्हीवरून बॅकफीड, म्हणजे उलट बाजूने पुरवठा. लांबच लांब वाहिन्या, टोकाला व्होल्टेज पडतं, म्हणून जेमतेम 8 मेगावॅट. त्यातलं कुणाला द्यायचं हे वितरणवाल्यांनी ठरवायचं. त्यांनी ग्रामीण रुग्णालयाचा फीडर आणि नळपाणी योजना घेतली, वीस मिनिटांत. त्या रात्री सगळ्यात नीट झालेलं काम हेच.

जवळच्या धरणाच्या पायथ्याला एक छोटं जलविद्युत केंद्र आहे. त्याच्यावर हा भाग बाकीच्या जाळ्यापासून वेगळा, एकट्या बेटासारखा चालवायची कल्पना कोणीतरी मांडली. पण ते यंत्र जाळ्याशिवाय सुरू करण्याची चाचणी कधी झालीच नव्हती, आणि अशी चाचणी अंधाऱ्या रात्री पहिल्यांदा करत नाहीत.

चौथा पर्याय थांबण्याचा. ऊन पडू द्यायचं, माळा सुकू द्यायच्या, मग साडेआठ-नऊच्या सुमारास किनाऱ्याची लाइन चार्ज करायची. विज्ञानाच्या हिशोबाने हाच सगळ्यात शहाणा. फोनवर मात्र तो काहीच न करण्यासारखा ऐकू येतो. "मग तुम्ही काय करताय?" या प्रश्नाला "माळा सुकायची वाट बघतोय" असं उत्तर द्यायला जो आवाज लागतो, तो माझ्याकडे त्या रात्री नव्हता.

निर्णय आणि परिणाम

4:15 ला मी टेस्ट चार्जचा कोड दिला. बुरबुर थोडी थांबली होती, हे माझं स्वतःला दिलेलं कारण. बर्फ कारखान्यांचे फोन वितरणवाल्यांकडे, त्यांचे माझ्याकडे, आणि वरून जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, हे खरं कारण.

लाइन सात मिनिटं उभी राहिली. आम्ही दोन फीडर उचलले होते, तेवढ्यात ती तिसऱ्यांदा गेली. उजाडल्यावर गस्त घातली तेव्हा खाडीकाठच्या एका टॉवरवर माळेच्या दोन चकत्या फुटलेल्या सापडल्या, बाकीच्यांवर आर्कचे काळे ओरखडे. आता ही लाइन ऊन पडूनही लावण्यासारखी राहिली नव्हती. चौथा पर्याय मी स्वतःच मोडून ठेवला होता.

4:30 ला मी घाटाची लाइन अधिकृतपणे परत मागितली. गँग सहाला वर चढली. दोन माळा सुटलेल्या होत्या, त्या जागी नव्या बसवून कंडक्टर जागेवर आणला. उरलेल्या चार माळा जुन्याच ठेवून काम गुंडाळायचं ठरलं.

11:50 ला इंजिनिअरचा फोन आला, काम संपलं, माणसं उतरताहेत. लगेच विचारलं, अर्थ (कामाच्या वेळी तारा जमिनीला जोडून ठेवणाऱ्या सुरक्षेच्या जोडण्या) किती लावले होते, किती काढले? आठ लावलेले, सात काढलेले. एक वरच्या वळणावरच्या टॉवरवर राहिलेला. दोन्ही उपकेंद्रांतून चार्जिंगची तयारी झालेली, तीन तालुके नऊ तास अंधारात, आणि एक वरिष्ठ फोनवर विचारत होते की तो टॉवर नक्की या परमिटमध्येच, म्हणजे लाइनीवर काम करायच्या परवान्यातच, धरला आहे का, कदाचित मोजण्यातच चूक असेल. मी म्हटलं, आठवा अर्थ हातात घेऊन ज्याने परमिट घेतलं तोच माणूस परत बोलल्याशिवाय कोड मिळणार नाही. अर्धा तास गेला. 12:20 ला परमिट परत आलं, 12:55 ला लाइन चार्ज झाली.

त्या रात्रीतल्या माझ्या निर्णयांपैकी याच एकाबद्दल मला शंका नाही. पहाटे चार वाजता नाही म्हणायला मी कचरलो आणि दुपारी बारा वाजता सहज म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला. दुपारी माझ्या नाहीमागे नियम लिहिलेला होता. पहाटे तो नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

2:34 च्या पहिल्या ट्रिपलाच घाटाची लाइन परत मागायला हवी होती. ती मागणं म्हणजे तीन दिवसांच्या कामावर पाणी सोडणं, म्हणून हात आखडला. पण तेव्हा मागितली असती तर गँगने रात्रीच सामान लावून ठेवलं असतं, उजाडताच चढली असती, आणि माझ्या अंदाजाने दहाच्या आत वीज आली असती. टेस्ट चार्ज टाळला असता तर किनाऱ्याची लाइन त्याच्याही आधी मिळाली असती.

मुळाशी बैठक आहे. 30 जुलै 2012 चा उत्तर भारतातला अंधारही आधीपासून बंद असलेल्या लाइनीच्या सावलीत घडला. बिना-ग्वाल्हेरचं एक सर्किट कामासाठी बाहेर होतं, सगळा बोजा दुसऱ्यावर, आणि ते ट्रिप झालं. आपलं प्रकरण त्याच्यापुढे मुंगीएवढं. पण उरलेल्या घटकाची तब्येत न बघता आउटेज देणं ही सवय दोन्हीकडे सारखीच.

त्यानंतर आउटेजच्या फॉर्मवर दोन रकाने वाढले. उरलेली लाइन शेवटची कधी धुतली, आणि परत मिळायला लागणारा वेळ दिवसाचा किती, रात्रीचा किती. पावसाआधीच्या दमट रात्री किनाऱ्यावरचं व्होल्टेज 230 च्या खाली ठेवायचं, असा स्थायी आदेश निघाला. प्रदूषणाने ट्रिप झाल्याचा संशय असेल तर माळा सुकण्याआधी किंवा गस्त होण्याआधी टेस्ट चार्ज नाही, हेही लिहून झालं. वितरणवाल्यांनी बॅकफीडची प्राधान्य यादी आधीच करून आमच्याकडे ठेवली, आणि तो आमचा नव्हे, त्यांचा मोठेपणा. किनाऱ्याच्या लाइनीवरच्या खाडीकाठच्या टॉवरांना सिलिकॉनचा लेप द्यायचं ठरलं. तो खर्च पारेषणचा, अंधाराचा तोटा वितरणचा आणि ग्राहकांचा, आणि मध्ये बसलेल्या आमच्या हातात फक्त आउटेज नाकारण्याचा अधिकार. त्यामुळे लेप एकदम न होता टप्प्याटप्प्यानं होतोय.

पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, पारेषणवाले घाटातल्या उरलेल्या चार माळांसाठी परत आले. नवे रकाने भरले गेले. किनाऱ्याची लाइन धुतलेली नव्हती, म्हणून मी आउटेज नाकारलं: आधी धुवा, मग देतो. टँकर आणि पंप घेऊन धुण्याचं काम सुरू झालं, मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं, आणि घाटासाठी 26 तारीख ठरली. त्या वर्षी मोसमी पाऊस 25 मेलाच तळकोकणात पोहोचला. गँग पायथ्यापासून परत गेली. त्या चार तडकलेल्या माळांनी आणखी एक पावसाळा काढला, आणि त्या पावसाळ्यात घाटाच्या लाइनीचा फोन वाजला की मी दरवेळी दोन सेकंद थांबूनच उचलायचो.